बिल्डिंग किती सालची?

किस्से काही ठरवून जमत नाहीत हो. एखादं साधंसं काम काढावं, त्यात चार मराठी माणसांनी नाक खुपसावं, आणि चौघांनाही वाटावं की अक्कल आपल्यालाच! मग पुढची दहा वर्षं शुक्रवारच्या सुट्टीच्या नाश्त्याला विषय पुरतात. आमचं काम होतं हसनभाईंना भाड्याचा फ्लॅट बघून द्यायचं. बस्स, एवढंच!

हसनभाई रत्नागिरीकडचे. इथं कुवेतच्या फिंतास भागात गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात. लग्न झालं त्याच वर्षी इकडे आले, त्याला चौतीस वर्षं झाली. एवढी वर्षं एका खोलीत चौघं राहून काढली. झुबेदाभाभी गावी सासू आणि मुलं सांभाळत होत्या. आता सासू राहिल्या नाहीत, मुलं मार्गी लागली, आणि भाभी पहिल्यांदाच इकडे यायला तयार झाल्या. तेही फोनवर अट घालून. "तीन आठवडे येईन. बघीन. परत जाईन." व्हिसा तीन महिन्यांचा, पण तिकीट तीन आठवड्यांचं!

हसनभाईंना वाटत होतं, तिनं राहावं. निदान आता तरी दोघांनी एका घरात दिवस काढावेत. तिला तसं म्हणायची त्यांची हिंमत होईना. आम्हाला मात्र म्हणाले, "घर असं बघा, की तिला परत जावंसं वाटणार नाय."

आणि इथं आमची सुरेखा शिरली!

*

सुरेखा सोलापूरची, हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन. तिथल्याच एका मलेशियन बाईंकडून फेंगशुई शिकली. तीन पायांचा बेडूक, लाल दोरीतली नाणी वगैरे तिच्यासमोर काढायचं नाही. "ती सगळी दुकानदारी! आधी सांगा, बिल्डिंग किती सालची?"

तिच्या शास्त्रात वीस-वीस वर्षांचे खंड असतात. ताजा खंड दोन हजार चोवीसला लागला. बिल्डिंग ज्या खंडात उभी राहिली, त्यावरून तिची पत्रिका. आपण बाळाची जन्मवेळ विचारतो ना, तसंच. मी फिजिओथेरपिस्ट, माझा विश्वास शून्य. पण चौकशा करायची खोड दांडगी, म्हणून मीही निघाले.

पहिलाच फ्लॅट महबूला भागात. इथं बिल्डिंगचा रखवालदार म्हणजे हारिस. चावी त्याच्याकडे, भाडेकरूही तोच आणतो. हा इजिप्तचा होता, पण हिंदी फर्डी.

"बिल्डिंग किती सालकी?" सुरेखानं विचारलं.

"जदीद, मॅडम! एकदम नया!"

सुरेखानं जिन्याच्या कठड्यावर नख मारलं. क्रीम रंगाखाली हिरवा, हिरव्याखाली गुलाबी! "ये नया है?"

हारिस छातीवर हात ठेवून म्हणाला, "वल्ला मॅडम! मैं आया, तब भी जदीद था!"

"तुम कब आया?"

"सतरा साल हो गया!"

*

त्यानंतर सुरेखानं हारिसांचा नाद सोडला. फिंतासच्या बिल्डिंगमध्ये तिला लिफ्टमध्ये पत्र्याची पाटी दिसली, त्यावर साल कोरलेलं. झालं! बाई खूश. तिथल्या तिथे वही काढून पत्रिका मांडली. पलंग इकडे, गॅस तिकडे. हसनभाई हो म्हणणार, तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे एक गोवेकर काका लिफ्टमध्ये शिरले.

"पाटी काय बघताय? जुनी लिफ्ट मोडीत गेली. ही मागच्या रमजानच्या आधी बसवली."

आमच्यात एसीचं काम बघणारा पाटील आहे, नाशिकचा. त्याला कुठं गप्प राहवतंय! "म्हणजे तुम्ही लिफ्टची पत्रिका मांडलीत! मग भाभींना लिफ्टमध्येच ठेवू या का?"

सुरेखा दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

*

पाटलाच्या समोरचाच फ्लॅट रिकामा होता. सुरेखानं तो जुन्या खंडातला म्हणून त्यावर काट मारली, पण बोलता बोलता सांगून बसली की छप्पर उघडून नव्यानं घातलं, की बिल्डिंगचं वय पुन्हा शून्यापासून धरतात.

"एवढंच ना?" पाटील म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी त्यानं आम्हाला बोलावलं. पठ्ठ्यानं हारिसला पटवून त्या फ्लॅटच्या हॉलचं फॉल्स सीलिंग उतरवून ठेवलं होतं! "घ्या! उघडलं छप्पर. आता पत्रिका बदला."

सुरेखानं कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, छप्पर म्हणजे बिल्डिंगचं! तुझ्या डोक्यावर अजून पाच मजले आहेत!"

पाटलानं वर पाहिलं, थोडा विचार केला. "मग वरच्यांशी बोलून बघतो."

सुरेखाची लेक इरा पंधरा वर्षांची. ती फोनमधून डोकं वर काढून म्हणाली, "मॉम, ही इज सीरियस!"

*

भाभी यायला दहा दिवस उरले. हसनभाईंची झोप उडाली होती, आणि आम्ही आपले पाट्या वाचत फिरतोय! पाटलाच्या गाडीतून महबूलाकडे जात होतो. सुरेखा एका बिल्डिंगकडे बघून पुटपुटली, "ही किती सालची असेल?"

हसनभाई शांतपणे म्हणाले, "ही आमच्या शबानाच्या वेळची. ती पोटात होती तेव्हा पाया खणला. तिला दात आले तेव्हा वरचा स्लॅब पडला."

"अहो, तुम्हाला माहितीये?"

"सगळ्या माहीत हायत. ती पलीकडची, आमचा सलमान दहावीला बसला तेव्हाची. कोपऱ्यावरची, अम्मीचा मोतीबिंदू काढला तेव्हाची."

एवढे दिवस त्यांना विचारायचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं! सुरेखा भराभर लिहून घ्यायला लागली. "हसनभाई, हे सगळं स्वतः पाहिलेलं ना?"

"बिल्डिंगी पाहिलेल्या," हसनभाई म्हणाले. "दात फोनवर ऐकलेले."

मला एकदम भरून आलं. आणि भरून आलं की मला राग येतो, म्हणून मी पाटलावर खेकसले, गाडी नीट चालव म्हणून. बिचारा नीटच चालवत होता.

त्याच दिवशी, हसनभाईंनी साल सांगितलेल्या एका बिल्डिंगमध्ये फ्लॅट ठरला. स्वयंपाकघरातून समुद्राची पट्टी दिसायची.

*

भाभी आल्या. दोन आठवडे झाले तरी बॅग रिकामी केली नाही. कपडे बॅगेतून काढायचे, धुवायचे, परत बॅगेत. हसनभाई रोज त्या बॅगेकडे बघायचे आणि दुकानात जायचे.

आम्ही जेवायला गेलो, तर सुरेखा वही घेऊनच आलेली. या बिल्डिंगचा एक घोळ राहिला होता. बांधून झाल्यावर ती मालकांच्या भांडणात सात वर्षं कुलूपबंद होती. मग साल कुठलं धरायचं?

भाभी सुरमई तळत होत्या. सुरेखा त्यांना समजावून सांगायला लागली. "भाभी, काही जण बांधकाम संपलं ते साल धरतात. माझ्या गुरुबाई म्हणतात, माणसं राहायला आली तिथून धरायचं. रिकामी उभी होती ती वर्षं वयात घ्यायची नाहीत."

"मानसं राहतात तेवढंच वय?"

"हो."

भाभींनी गॅस बारीक केला. "हे दर साली एक महिना गावी यायचे. अशी चौतीस सालं. मग आमचं लग्न किती सालाचं झालं?"

हसनभाई खिडकीशी उभे होते. मान खाली घालून म्हणाले, "कोरोनात दोन सालं तर आलोच नव्हतो."

"ती मी धरलीच नायत. बत्तीस महिने होतात."

सुरेखाची पेन्सिल वहीवर तशीच टेकलेली. ती कशीबशी म्हणाली, "भाभी, मी... मी काय लिहू?"

"नवीन लिवा," भाभींनी सुरमई उलटली. "आणि यांना सांगा, माझं परतीचं तिकीट रद्द करा."