कोंडाबाईची घोंगडी

"तू खाली बस. खुर्चीत बसलीस की फोटो बिघडतो."

मॅडम ओरडल्या नाहीत. हसत बोलल्या. बोलता बोलता माझ्या खांद्यावरचा पदर त्यांनी स्वतःच्या हातानं सारखा केला. सेलूतल्या एका मंगल कार्यालयाचं स्टेज. सहा खुर्च्या. एक तुझी, असं आदल्या दिवशी त्यांनीच सांगितलं होतं. ती खुर्ची उचलून मागं भिंतीला लावली गेली. मी खाली बसले.

माझ्या शेजारी माझा बाप. डोक्याला लाल पटका, हातात काठी, मांडीवर कोकरू. कोकरूसुद्धा मॅडमनी मागवलेलं. येताना एक लहानसं पांढरं घेऊन या, असा फोन होता. आमच्या मेंढ्या काळ्या. बापानं दुसऱ्याच्या कळपातून पांढरं मागून आणलं आणि राणीसावरगावापासून सेलूपर्यंत तीन एसट्या बदलून मांडीवर सांभाळलं. साठी ओलांडलेला माणूस. त्याला खुर्ची कुणी विचारलीसुद्धा नाही.

मला लाज वाटत होती. खाली बसल्याची नाही. त्याला मीच बोलावून घेतलं होतं, त्याची.

हे कसं झालं ते सांगते. सगळं पुस्तकांनी केलं असं मी म्हणत नाही. पण सुरुवात पुस्तकांपासूनच आहे.

माझा नवरा सेलूला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलतो. मी बारावी झालेली. मॅडमच्या साड्यांच्या दुकानात कामाला लागले. मॅडम म्हणजे गावातल्या मोठ्या कापूस व्यापाऱ्याच्या सूनबाई. दुकानात गल्ल्यामागं एक काचेचं कपाट होतं आणि त्यात पुस्तकं. धंदा कसा वाढवावा, माणसं कशी जिंकावीत, नेता कसं व्हावं. जाड पुठ्ठ्याची, सोनेरी अक्षरांची, मराठीत आणलेली. मॅडमनी मागवलेली आणि बहुतेक न उघडलेली. माझं काम त्यांच्यावरची धूळ पुसायचं.

दुपारी गिऱ्हाईक नसायचं. एक दिवस धूळ पुसता पुसता मी एक उघडलं. मॅडमनी पाहिलं.

"वाच, वाच," त्या म्हणाल्या. "तुमच्यातल्या बाया वाचायला लागल्या तर बरंच आहे."

तुमच्यातल्या. मी ऐकलं आणि गिळलं. वाचायला मिळत होतं ना, मग बोलायचं कशाला.

मी कपाट संपवलं. दोन-दोनदा संपवलं. घरी वही केली आणि तिच्यात उतरवून काढलं. गिऱ्हाईकाशी बोललेलं पहिलं वाक्यच सौदा ठरवतं, ते गोड पाहिजे. वस्तू विकू नका, वस्तूमागची गोष्ट विका. मागायला लाजू नका, डोळ्यांत बघून मागा. साड्या बदलायच्या खोलीत आरसा होता. त्याच्यासमोर उभी राहून मी पहिलं वाक्य म्हणून बघायची. "ताई, हा रंग तुमचीच वाट बघत होता." आणि खरंच, साड्या जायला लागल्या. मला वाटलं, मिळाली किल्ली.

या पुस्तकांत एक गरीब माणूस असतोच. पहिल्या पानावर तो भांडी घासतो आणि विसाव्या पानावर कंपनीचा मालक होतो. मधल्या पानांत त्याला कुणीही, कुणाचा रे तू, असं विचारत नाही. माझ्या हे लक्षात आलं नाही. मी स्वतःला विसाव्या पानावर बघायला लागले होते.

दिवाळीला माहेरी गेले तेव्हा बापाला नेतृत्व समजावून सांगितलं. नेता पुढं चालतो, टीम मागं येते. बाप तंबाखू मळत ऐकत होता. मग म्हणाला, "मेंढरांच्या म्होरं शेळी असती. तिला वाटतंय, म्याच नेतेय सगळ्यास्नी. पर कोणत्या माळाला जायचं ते मी ठरवतो. अन् मपलं कोण ठरवतंय? ज्याचं रान हाय तो."

मी हसले. अडाणी आहे म्हटलं. ते हसू आजही मला टोचतं.

दिवाळीहून आले आणि मॅडमसमोर उभी राहिले. डोळ्यांत बघून. म्हटलं, साड्यांबरोबर घोंगड्या ठेवू. शहरात आता लोक असल्या वस्तू शोधून शोधून घेतात. आणि मग पुस्तकात लिहिल्याप्रमाणं गोष्ट सांगितली. माझ्या मायची. माय लोकर पिंजते, चातीवर सूत कातते. चुलता मागावर विणतो. मग चिंचोके भिजवून, वाटून त्यांची खळ लावायची आणि उन्हात ताणून वाळवायची. नवी घोंगडी अंगाला टोचते, वापरता वापरता मऊ होते. आमच्यात पाहुणा आला की सतरंजी नाही, घोंगडी अंथरतात. देवाची तळी तिच्यावरच उचलतात. तिच्यावर चप्पल घालून कुणी पाय ठेवत नाही. तलाठी आला तरी जोडे काढतो. मी लहानपणी एकदा शाळेतून पळत आले ती चपलेसकट घोंगडीवर चढले. मायनं मारलं नाही. माझ्या पायाखालची घोंगडी तिनं धुतली, दोन दिवस वाळवली आणि तोवर आम्ही सगळे नुसत्या जमिनीवर झोपलो. मला कळायचं ते कळलं.

मॅडमनी त्या दिवशी मला पहिल्यांदा बस म्हटलं. गिऱ्हाईकाच्या कपात चहा दिला. मी एकच मागितलं. प्रत्येक घोंगडीला चिठ्ठी लावायची आणि तिच्यावर माझ्या मायचं नाव घालायचं. कोंडाबाई. मायला सही येत नाही. मतदार यादी सोडली तर तिचं नाव कुठं छापलेलं नाही. तेवढं एक व्हावं असं मला फार वाटत होतं.

"करू की," मॅडम म्हणाल्या.

मायनं आणि शेजारच्या दोघींनी पुढचा सगळा पावसाळा सूत काढलं. तीस घोंगड्या आल्या. आता आपण टीम आहोत, असं मी त्यांना फोनवर सांगायची. त्या हसायच्या. पण फोटो काढायला म्हणून मायनं नवं लुगडं घेतलं होतं. नंतर मॅडम म्हणाल्या, आईला नको, वडिलांना आण. पटका चांगला दिसतो.

तर तो दिवस, मॅडमच्या घोंगड्यांच्या उद्घाटनाचा. मी स्टेजवर खाली बसलेली. पुढ्यात टेबल, टेबलावर घोंगड्यांची पाकिटं. हात पुरत होता. मी एक ओढलं आणि चिठ्ठी वाचली. वर मॅडमचा फोटो. खाली लिहिलेलं, माझ्या आजीच्या घोंगडीची गोष्ट. मग सगळी माझीच गोष्ट. चिंचोक्याची खळ तीच, तळी तीच. चपलेसकट चढलेली पोरगीसुद्धा तीच. फक्त ती पोरगी आता मॅडम होत्या आणि घोंगडी धुणारी त्यांची आजी.

मॅडम जवळ आल्या तेव्हा मी हळूच विचारलं. मायचं नाव?

"कोंडाबाई चालत नाही गं," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "असलं नाव कोण विकत घेईल? ब्रँडला गोडवा लागतो."

आयत्या बिळावर नागोबा हे मी शाळेत पाठ केलं होतं. बीळ आपलं असलं की कसं वाटतं ते तिथं कळलं. तरीही मी उठले नाही, हे खरं सांगते. नोकरी डोळ्यांपुढं होती. मायचे हात डोळ्यांपुढं होते. पुढच्या तीस सांगितलेल्या होत्या.

मग पाहुणे स्टेजवर यायला लागले. पायऱ्यांपासून माईकपर्यंत वाट केली होती. वाट म्हणजे आमच्याच चार घोंगड्या, एकापुढं एक. बूट आले. सँडल आल्या. आदल्या दिवशी अवकाळी पडून गेला होता, सेलूचा काळा चिखल सगळ्यांच्या टाचांना होता. बाप स्टेजवर चढला होता तेव्हा पायताण खाली काढून, घोंगडीच्या कडेकडेनं आला होता. आता तो नुसता बघत होता. एकदा त्यानं एका घोंगडीची कड उचलली, गुंडाळून बाजूला घ्यावी म्हणून. राहू द्या बाबा, डेकोरेशन आहे, असं कुणीतरी म्हणालं. त्यानं कड सोडली.

पुण्याहून एक ट्रेनर आले होते. ते बूट घालून त्या घोंगडीवर उभे राहिले आणि नेतृत्वावर बोलले. खरा नेता तो, जो दुसऱ्याला मोठं करतो. हे वाक्य माझ्या वहीत होतं. ते बोलत होते आणि माझा बाप खाली बसल्या बसल्या खिशातली दस्ती काढून, हात पोचेल तिथपर्यंत घोंगडीवरचा चिखल पुसत होता. सरांचा पाय हलला की तेवढी जागा पुसायची. पुन्हा पाय हलायचा. पुन्हा पुसायची.

आजही डोळे मिटले की मला मॅडम दिसत नाहीत, ती दस्ती दिसते.

मग मॅडमनी माईक माझ्या हातात दिला आणि एक कागद. मॅडममुळे मी घराबाहेर पडले, मॅडममुळे मला ओळख मिळाली, असं चार ओळींत लिहिलं होतं. मी उभी राहिले. कागद वाचला नाही.

"ही गोष्ट मपल्या मायची हाय," मी म्हणाले. "तिचं नाव कोंडाबाई. तुमी ज्याच्यावर उभे हाव, ते तिनं कातलंय. चपला काढा."

मग टाळ्या.

हो, टाळ्या. सगळं कार्यालय टाळ्या वाजवत होतं. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. ट्रेनर घोंगडीवरून पुढं आले, माझ्या हातातला माईक घेतला आणि म्हणाले, "याला म्हणतात मनापासून सांगितलेली गोष्ट. असं सांगितलं की माल विकला जातोच." मॅडम टाळ्या वाजवत होत्या. एकानंही चप्पल काढली नव्हती.

तोंड उघडून खरं बोलावं आणि तेच त्यांच्या दुकानात मांडलं जावं. याच्यापुढं काय बोलायचं असतं, मला माहीत नव्हतं. माझ्या वहीत नव्हतं.

मी वाकले आणि घोंगडी ओढली. दोन्ही हातांनी, झटक्यानं. ट्रेनरचा तोल गेला आणि ते मागच्या खुर्चीत आदळले. खुर्ची मिळाली त्यांना. मी दुसरी ओढली. तेव्हा टाळ्या थांबल्या.

मॅडम आता हसत नव्हत्या. "मेंढरामागची ती मेंढरामागचीच," त्या म्हणाल्या. माईक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं.

बाप उठला. कोकरू काखेत, काठी हातात. "चल," एवढंच म्हणाला. दोन घोंगड्या माझ्या खांद्यावर. खाली उतरून त्यानं पायताण घातलं आणि आम्ही एसटी स्टँडवर जाऊन बसलो. कोकरू भुकेनं ओरडत होतं.

पुढं काही चांगलं झालं असं समजू नका. नोकरी गेली. मॅडमनी त्या दिवसाचा व्हिडिओ मोबाईलवर सोडला. मी बोलते तिथपासून टाळ्यांपर्यंत, मागं बासरी लावून. ओढाओढी कापलेली. तो लोकांना फार आवडला म्हणे. घोंगड्या संपल्या. आता त्या गिरणीतून आणतात, चिठ्ठी तीच लावतात. तीस घोंगड्यांची दुसरी मागणी रद्द झाली आणि माहेरच्या दोघी शेजारणी माझ्याशी बोलेनाशा झाल्या. माय बोलली.

"नाव काय चाटायचं हाय का? हाताला काम व्हतं. तुला कामून सुचलं हे?"

ती चुकीचं बोलत नव्हती. तिच्या नावासाठी भांडले आणि तिच्याच हाताचं काम घालवलं. याला मी जिंकणं म्हणत नाही. ती वही मी चुलीत घातली. जळताना बरंही वाटलं नाही.

आता मी सेलूच्या आठवडी बाजारात बसते. त्या दोन घोंगड्या, वर घरची एक. मायनं पुन्हा थोडं सूत काढलंय, माझ्यासाठी नाही, सवय म्हणून. चिठ्ठी मी हातानं लिहिते. वर फक्त कोंडाबाई. लोक नाव वाचतात, हात लावून बघतात, टोचतंय म्हणतात आणि पुढं जातात. आजवर एकही गेलेली नाही. जिनिंगचा हंगाम संपत आलाय, नवऱ्याचंही काम थांबेल. दुसऱ्या एखाद्या दुकानात उभी राहा म्हणतो. उद्या राहीनही. पोट आहे.

मागच्या बाजारात एक गृहस्थ आले. हायवेला हॉटेल काढलंय म्हणाले. तिन्ही घेतो, आणखी दहा सांग. माय, त्या दोघी, सगळ्या डोळ्यांपुढून गेल्या. कशाला पाहिजेत, असं मी विचारलं.

"दारात टाकायला. गावाकडचा लुक येतो."

"पायाखाली?"

"मग काय डोक्यावर घेऊ?" असं म्हणत ते जवळून बघायला वाकले आणि एक बूट घोंगडीच्या कडेवर ठेवला.

शेजारची भाजीवाली मला कोपरानं ढोसत होती. गप बस, दे, असं तिचे डोळे सांगत होते. नवऱ्याला हे कळलं तर घरात काय होईल तेही मला माहीत होतं. कळलं, आणि तसंच झालं.

पहिलं वाक्य सौदा ठरवतं हे पुस्तकात लिहिलंय ते खरंच आहे. माझं पहिलं वाक्य आता बदलणार नाही. गिऱ्हाईक असो, मॅडम असोत, नाहीतर दहा घोंगड्यांचा मालक असो. मी त्या बुटाकडं बघितलं, मग त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले,

"चप्पल काढा. मग बोलू."