खिम्याचे गोळे आणि मामाजी

सासऱ्यांचे, म्हणजे मामाजींचे, उरलेसुरले दात काढल्याला आठवडा होत आला होता. कवळी बसेपर्यंत ते तळेगावहून आमच्याकडे सिंदी मेघेला राहायला आले होते. मटण म्हणजे त्यांचा जीव, पण रोज पुढ्यात वरणाचं पाणी, नाहीतर दूध-भात. त्या रविवारी बायको बहिणीकडे हिंगणीला गेली होती. मी मामाजींपुढे पुन्हा दूध-भात ठेवला, तर त्यांनी वाटी सरकवली.

"आता पाळण्यातच टाका मले."

लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी आमचं बोलणं "कसं काय?" आणि "बरं हाय" यापुढे कधी सरकलं नव्हतं. मला एकदम चेव आला. "संध्याकाळी मी खिम्याचे गोळे करतो," मी म्हणालो. "भाज्या घालून दाट रस्सा. दातांचं कामच नाही."

माझं पाककौशल्य चहापर्यंत. तोही बायको न बोलता दुसऱ्यांदा उकळते. पण मोबाइलवर एका बाईंना हे गोळे करताना मी पाहिलं होतं, आणि पाहिलेलं आपल्याला येतंच अशी माझी जुनी श्रद्धा आहे.

खिमा आणला. कांदा, आलं-लसूण, सांबार म्हणजे कोथिंबीर, तिखट घालून मळला आणि लिंबाएवढे देखणे गोळे वळले. त्यांचा फोटोसुद्धा काढला. गाजर, बटाटा, शेंगा, दुधी पातेल्यात गेले. मामाजी खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या दारात बसले.

"पाणी उकळलं का?"

"उकळेल की," असं म्हणून मी गोळे सोडले, आणि तळाला लागू नयेत म्हणून पळीने जोरात ढवळू लागलो.

"एवढं काऊन हालवून राह्यले?"

"मसाला मुरतो," मी ठोकून दिलं.

थोड्या वेळाने पळी फिरवली, तर गोळे नाहीत. तळाशी पाहिलं, कडेला पाहिलं. सगळे विरघळून रश्शात मिसळले होते. एक गोळा वळायचा राहिला होता. घाबरून त्यात मूठभर बेसन कोंबलं, घट्ट आवळला आणि सोडला. तो मात्र टिकला.

जेवताना तोच मामाजींच्या वाटीत वाढला. निदान पुरावा म्हणून. त्यांनी तो तोंडात घेतला, या गालातून त्या गालात फिरवला, डोळे मिटून हिरड्यांनी दाबला. मग शांतपणे बाहेर काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"हा तुमचा, जावईबापू. याले दात लागते."

मी हसू दाबत होतो, तर तेच आधी हसले, पोट धरून. ते बोळकं तोंड मी पहिल्यांदाच मोकळं उघडलेलं पाहिलं. मग भाकरी चुरून त्यांनी तो रस्सा वाटीवर वाटी ओरपला. "वरण हाय का भाजी, समजून नाई राह्यलं," ते म्हणाले, "पण मटन हाय!"

रात्री बायको परतली, तिने पातेल्यावरचं झाकण काढलं. फोटो मी तिला आधीच पाठवला होता.

"गोळे कुठं गेले?"

मी खाली पाहू लागलो. मामाजींनी गंभीरपणे मिशी पुसली.

"म्या खाल्ले सारे," ते म्हणाले. "तुह्यासाठी एकबी नाई ठेवला. बुधवारी पुन्हा करून राह्यले हे."

बुधवारी पुन्हा करणार असल्याचं मला तेव्हाच कळलं.