हवेतला पखवाज

कुठला गेम चांगला, हे सांगायला मुंबईत कुणीही तयार असतं. मी मालाडला ऑफिसात नुसतं विचारलं, तर जेवणाचे डबे उघडायच्या आधीच सल्ले सुरू झाले. "बॉलिंग घे गं, माझी सासूपण खेळते." "बॉक्सिंग लाव यार, सगळा राग निघतो." आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचं म्हणणं, टेनिस अजिबात नको, त्यांच्या जावयाच्या हातातून रिमोट सुटला आणि टीव्ही फुटला. मी म्हटलं, अहो, माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आलाय, उजवा हात हलत नाही, त्यांना कुठला गेम चालेल ते सांगा. मग सगळे परत म्हणायचे, "बॉलिंगच बघ."

तो खेळाचा डबा माझ्या मामेभावाचा. टीव्हीला जोडायचा, हातात रिमोट धरायचा आणि हात हलवला की पडद्यावरचा बाहुला तसाच हात हलवतो. मामेभाऊ परदेशी गेला तेव्हा तो आमच्याकडे टाकून गेला होता आणि माळ्यावर पडून होता. फिजिओथेरपीवाली मुलगी बाबांना व्यायाम देऊन थकली. ते तिच्यासमोर शहाण्यासारखे हात उचलायचे आणि ती जिना उतरली की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. तिनेच सुचवलं, "घरात असा गेम असेल तर लावा. व्यायाम म्हटलं की करत नाहीत, खेळ म्हटलं की करतात." ती काय, बिचारी चांगल्या मनानेच बोलली.

बाबांना खेळात काडीचा रस नव्हता. त्यांना एकच गोष्ट हवी होती. आमच्या घरच्या गणपतीपुढे दरवर्षी भजन होतं, विक्रोळीतलं आमच्या गाववाल्यांचं मंडळ येतं, आणि त्या भजनाला पखवाज बाबा वाजवतात. बाकीच्या घरी कुणीही वाजवो, आमच्या घरी बाबाच. कंपनीत रात्रपाळी असायची तेव्हासुद्धा त्या संध्याकाळी ते कुणाला तरी बदली लावून घरी असायचे. झटका आल्यावर बोलता यायला लागलं तेव्हा त्यांनी आईला पहिलं हेच विचारलं, "चतुर्थी कधी गो?" आईने सांगितलं. त्यांनी उजव्या हाताकडे बघितलं.

तर आम्ही बॉलिंग लावलं. बाबांच्या बोटांत रिमोट राहीना, म्हणून आईने परकराची नाडी काढून तो त्यांच्या पंजाला बांधला. बॉलिंगमध्ये बटण दाबून हात मागे न्यायचा आणि पुढे आणताना बटण सोडायचं, म्हणजे चेंडू सुटतो. बाबांचं बोट एकदा बटणावर बसलं की उठतच नसे. हात खांद्यापासून कसाबसा पुढे यायचा आणि पडद्यावरचा बाहुला चेंडू हातात घेऊन तसाच उभा. "सोडा, बाबा, सोडा!" मी ओरडायचे. "सोडतंय गो, सुटणा नाय!" ते ओरडायचे. आई मधे पडून म्हणायची, पुरे करा आता, चहा घ्या.

बॉक्सिंगमध्ये डावा हात एकटाच लढायचा आणि समोरचा बाहुला उजवीकडून येऊन सडकून काढायचा. ते बघताना मलाच रडू यायला लागलं म्हणून मी बंद केलं. टेनिस जमलं, पण त्यात बाहुला स्वतःच पळतो, आपण नुसता हात झटकायचा. बाबा चिडले. "तोच पळता, तोच मारता, मग माका हयसर कशाक बसवलास?" शेवटी मी मासे पकडायचा गेम लावला. रिमोट म्हणजे गरी, मासे धरायचा गळ. धरून बसायचं, मासा लागला की रिमोट हातात थरथरतो, मग वर ओढायचा. म्हटलं, मालवणच्या माणसाला हे तरी आवडेल. बाबा म्हणाले, "टीव्हीतल्या माशाचा कालवण होता काय? बंद कर ता." आणि भिंतीकडे वळले.

मग कुणीतरी वाद्यांचा एक गेम सांगितला. मी लॅमिंग्टन रोडवरून जुनी सीडी आणली. त्यात दोन हातांत दोन रिमोट धरून हवेत मारायचं, आणि टीव्हीतून ढोल वाजतो. बाबांनी पहिला डावा मारला. धूम! ते बसल्या जागी सरळ झाले. मग उजवा. हात खांद्यातून उचलला गेला, मनगट लुळंच, नाडीने बांधलेला रिमोट कसाबसा खाली आला, आणि टीव्हीतून टण्णकन स्वच्छ ठोका पडला. बाबांनी माझ्याकडे बघितलं. आजारपणानंतर ते पहिल्यांदा हसले, वाकड्या तोंडाने, पण हसले.

त्या दिवसापासून आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ ढोल. शेजारी कुरकुरले नाहीत, त्यांना कारण माहीत होतं. आई कांदा चिरता चिरता मान डोलवायची आणि "वा!" म्हणायची. मी कामावरून आले की चप्पल काढायच्या आत बाबा म्हणायचे, "बस, आयक." आणि खरंच छान वाजायचं हो. झकास वाजायचं. हात लवकर पडला, उशिरा पडला, अर्धाच पडला, तरी तो गेम सगळं सांभाळून घ्यायचा आणि ठोका बरोबर तालात टाकायचा. मुलांना मजा यावी म्हणून तसा केलेला असणार. मला ते दिसत होतं, आईलाही दिसत असावं, पण माणूस भिंतीकडून आमच्याकडे वळला होता. त्याला कोण सांगणार की अहो, हे तुम्ही वाजवत नाही आहात?

फिजिओवालीला मी एकदा दाराबाहेर गाठलं. ती म्हणाली, खांदा छान सुधारलाय, कमालच केली तुम्ही. मी विचारलं, आणि बोटं? ती म्हणाली, "बोटांना वेळ लागतो." किती, म्हटलं. ती बॅगेची चेन लावत बसली. चेन लागून झाली तरी लावत होती.

तोपर्यंत आईने भजनीबुवांना फोन करून टाकला होता, यंदाही हेच वाजवणार. मला कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. "अगं आई, विचारायचंस तरी!" आई म्हणाली, "तेच म्हणाले, सांग म्हणून. मी काय नाही म्हणू?"

गणपती आले. टीव्हीच्या शेजारीच मखर, समई, दूर्वांचा वास. भजनाच्या दिवशी आई दुपारपासूनच लगबगीत होती. काळ्या वाटाण्याची उसळ झाल्यावर तिने परातीत मूठभर कणीक वेगळी मळली. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात, त्याशिवाय तो खोल बोलत नाही. दरवर्षी ती कणीक आईच मळते. वाटीत घालून तिने ती बाबांच्या उशाशी नेऊन ठेवली आणि वर ओला रुमाल टाकला.

दिवेलागणीला मंडळ आलं. बुवा आत येताच बाबांना म्हणाले, "दादा, बसा तुमच्या जाग्यार." आम्ही दोघींनी बाबांना धरून खाली बसवलं, पाठीला लोड दिला, पुढ्यात पखवाज ठेवला. बाबांनी डाव्या हाताने कणीक घेतली, थापली, कडेने बोट फिरवलं, आणि एक थाप मारली. घुम्म! सगळे खूश. "अरे, दादा परत इलो!" कुणीतरी म्हणालं. आई स्वयंपाकघराच्या दारात पदर धरून उभी होती.

बुवांनी पेटी धरली, भजन सुरू झालं. बाबांचा डावा पडला, मग उजवा उचलला गेला. खांद्यातून उचलला गेला, अगदी गेममध्ये जायचा तसा. आणि खाली येऊन उजव्या तोंडावरच्या काळ्या शाईवर नुसता पडला. टप. बोटं घसरून लाकडावर गेली. त्यांनी परत उचलला. टप. आईची मान मात्र डोलत होती, सवयीने.

बुवा मोठा माणूस. त्यांनी लय कमी केली. झांजवाले त्यांच्याकडे बघून थांबत थांबत वाजवायला लागले. तरी बाबा मागेच राहिले. बुवांनी आणखी कमी केली. गाणारे श्वास धरून पुढच्या शब्दासाठी ताटकळायला लागले, आणि खोलीतली सगळी माणसं त्या एका हाताकडे बघत होती, की पड रे बाबा, पड. मला वाटलं, उठावं आणि घरातला फ्यूजच काढून अंधार करावा. काही केलं नाही. काय करणार होते?

बाबांनीच थांबवलं. डाव्या हाताने पखवाज ढकलत शेजारी बसलेल्या दुसऱ्या वादकाकडे सरकवला. तो बँकेतला माणूस, बाबांकडेच शिकलेला. तो कसनुसा होऊन म्हणाला, "दादा, जरा दम खावा, मगे परत..." बाबा म्हणाले, "वाजय रे." त्याने वाजवलं. बाबांनी थापलेल्या कणकेवर त्याची पहिली थाप पडली आणि भजन एकदम उठलं. लय आली, झांजा आल्या, बायका टाळ्या वाजवायला लागल्या. इतकं चांगलं झालं की मला सगळ्यांचा राग आला. बाबा लोडाला टेकून डोळे मिटून ऐकत होते, आणि त्यांचा उजवा हात मांडीवरून उठत होता, हवेत हलत होता, रिमोट नसताना. आईने ते बघितलं आणि ती आत जाऊन पाव कापायला बसली.

उसळ-पाव खाऊन, सुपारी घेऊन सगळे पुढच्या घरी गेले. जाताना प्रत्येकाने बाबांचा तो हात हातात घेतला. तेवढं नको होतं करायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा म्हणाले, "तुझो तो डबो लाव." मी सीड्या काढल्या. ढोलाची वर होती, ती मी खाली सरकवली, मग वाटलं कशाला लपवतेस, परत वर ठेवली. "कुठला लावू, बाबा?"

"ज्यात कायच वाजणा नाय तो लाव."

मी मासे पकडायचा लावला. नाडीने रिमोट बांधला. पडद्यावर निळं पाणी, त्यांची गरी पाण्यात, शेजारी गणपतीची समई. बाबा पाण्याकडे बघत बसले. मी त्यांच्या पायाशी बसले. बऱ्याच वेळाने त्यांच्या हातातला रिमोट थरथरायला लागला. पंजा, मनगट, सगळा हात त्याच्याबरोबर हलत होता. पडद्यावर चांगला मोठा मासा लागला होता.

"बाबा, लागला! ओढा, ओढा वर!"

त्यांना वर ओढता येत होतं. खांदा चांगला सुधारला होता. ते त्या थरथरणाऱ्या हाताकडे बघत राहिले.

"रवांदे," ते म्हणाले. "हात आपसूक हलता हा, बघ."