पाच नंबरच्या वळणावरचे सहा गठ्ठे

ऑलिव्ह गॉल्टबाईंनी शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं बटाटे उकडले आणि बॅलीनार गावच्या शर्यतीत पाच नंबरच्या वळणावर एकेचाळीस वर्षं धोक्याचं पिवळं निशाण धरलं. पहिल्या कामाचा पगार मिळे, दुसऱ्याचं एक अंड्याचं सँडविच. पण तुम्ही काय करता, असं कोणी विचारलं, की बाई आधी निशाणाचं सांगत.

ही शर्यत जुन्या मोटरसायकलींची, गावातल्याच रस्त्यांवरची. स्वार हौशी, बहुतेक आजोबा. गुडघे नवीन बसवलेले, दात नवीन बसवलेले, पण गाडीचा एकेक भाग साठ वर्षांपूर्वीचाच हवा, म्हणून एकमेकांशी भांडणारे.

त्या शनिवारी बाई थर्मास घेऊन वळणावर आल्या आणि जागच्या जागी थांबल्या. तिथल्या शेताच्या फाटकाला दगडी खांब आहे. वेगात आलेला स्वार घसरला, तर सरळ त्याच्यावर जाणार. म्हणून खांबापुढे पेंढ्याचे सहा गठ्ठे असतात. आज खांब उघडा होता. गठ्ठे दहा पावलं पुढे सरकवून, त्यांना तारेनं आवळून, वर टायरवाल्यांच्या जाहिरातीचा भलामोठा फलक उभा केला होता.

बाईंनी गठ्ठा ओढून पाहिला. रात्रीच्या दवानं तो फुगला होता आणि बाईंपेक्षा जड झाला होता. मग त्यांनी वॉकीटॉकी उचलली.

"डेरेक, माझे गठ्ठे कुणी हलवले?"

डेरेक स्प्राउल यंदाच शर्यतप्रमुख झाला होता. लहानपणी बाईंच्या हातचा कोबी टेबलाखाली टाकायचा.

"मीच, ऑलिव्हबाई. फोटोत फलक दिसायला हवा ना. पुढच्या बैठकीत बोलू आपण."

"खांब बैठकीला येणार आहे का?"

"बाई, त्या खांबावर आजवर एकही माणूस आपटलेला नाही. हवी तर नोंद बघा."

यावर काय बोलावं? छप्पर आहे म्हणून माणूस भिजत नाही, आणि हा म्हणतो, भिजत नाही तर छप्पर कशाला. असली अक्कल कोट घालून आली, की तिला प्रमुख करतात.

बॅलीनारचा एक नियम मात्र अजून कुणी सुधारलेला नाही: नऊही वळणांवरून 'सज्ज' आल्याशिवाय शर्यत सोडायचं निशाण पडत नाही. अकराला रस्ते बंद झाले. चाळीस गाड्या तेल गरम करून उभ्या राहिल्या. एक सज्ज. दोन, तीन, चार सज्ज.

"पाच?"

"नाही."

"ऑलिव्हबाई, सगळे थांबलेत."

"मीही थांबलेय. माझ्याकडे चहा आहे."

वीस मिनिटांनी डेरेकची गाडी आली. बाईंना लाजवायला त्यानं स्वारांतर्फे नॉर्मन टॅगर्टला आणलं होतं. नॉर्मन गवळी, वय अडुसष्ट. चामड्याच्या पोशाखात तो उकडून निघत होता आणि भडकलाही होता.

"ऑलिव्ह, माझं इंजिन गार पडलं. म्हातारपणी काय खूळ भरलंय तुझ्या डोक्यात?"

"तूच बघ."

नॉर्मननं खांब पाहिला. मग रस्ता पाहिला. ज्या रेषेवरून तो दर फेरीला गाडी कलती करून वळवायचा, ती त्यानं नजरेनं खांबापर्यंत नेली. मग खिशातून पक्कड काढली.

"नॉर्मन, फोटोचं काय?" डेरेक म्हणाला.

"माझा फोटो पेंढ्यात काढ. खांबावरचा बायकोला आवडायचा नाही. धर तिकडून."

प्रमुखसाहेबांच्या कोटाला पेंढा लागला. सहावा गठ्ठा खांबाला टेकल्यावर बाईंनी तो ढकलून पाहिला. मग वॉकीटॉकीत म्हणाल्या, "पाच, सज्ज."

उशिरामुळे एक फेरी कमी झाली. पाच नंबरवर दिवसभर कोणी घसरलंसुद्धा नाही.

संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये बक्षिसं वाटताना डेरेक माइकवर म्हणाला, "सकाळी जरा गैरसमज झाला. पण पाहिलंत, त्या वळणावर कोणालाही काही झालं नाही." टाळ्या पडल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या! बाईंनी बशी टेबलावर आदळली. खांबावर कोणी डोकं फोडून घेतलं असतं, तर हेच लोक बाईंना शहाणी म्हणाले असते.

नॉर्मन केकचा तुकडा घेऊन शेजारी टेकला. "एक फेरी खाल्लीस माझी. तिसरा आलो असतो."

"चौथा आलास, ते मुकाट्यानं घरी जाऊन बायकोला सांग," बाई म्हणाल्या. "आणि पेन दे."

टेबलावर पुढल्या वर्षी निशाण धरणाऱ्यांसाठीचे अर्ज होते. वयस्कांसाठी वळणाऐवजी वाहनतळावर खुर्चीत बसून करायच्या कामाची सोय आहे, असं डेरेकनं त्यात नव्यानं छापलं होतं. बाईंनी त्या ओळीवर कप ठेवला आणि 'कोणतं वळण' यापुढे पाचाचा आकडा इतका दाबून लिहिला, की तो खालच्या तीन अर्जांवरही उमटला.