काकांची कायदेशीर मुलं

जिवंतपणी आपली इस्टेट काकांइतक्या वेळा वाटणारा माणूस सबंध मिशिगनमध्ये दुसरा झाला नसेल. शिकायला आलो तेव्हा नोव्हायमधल्या त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये मी राहायचो, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला आपला बर्फ हटवायचा स्नोब्लोअर देऊन टाकला. म्हणजे, "माझ्यामागे हा तुझा," असं सांगितलं. पुढं कळलं, की माझ्याआधी तिथं राहून गेलेल्या प्रत्येकाला तो असाच मिळाला होता. काकांना मरायची मुळीच घाई नव्हती, हौस होती ती वाटण्याची. गणपतीच्या जेवणात एखाद्या नव्या नवरीनं पोळीचं कौतुक केलं, की पुरणयंत्र तिच्या नावावर. विमानात बसण्याआधी तर ते फोन करून करून सगळ्या वाटण्या बदलत. काकूंच्या चकलीच्या सोऱ्यालाही त्यांनी वारस नेमला, तेव्हा काकू वैतागून म्हणाल्या होत्या, की चकल्या करणारी बाई अजून उभी आहे. एवढं मात्र खरं, की बर्फ पडला की स्नोब्लोअरचे आम्ही सगळे वारसदार त्यांचा ड्राइव्हवे साफ करायला हजर असायचो. ते दिवस आठवले की अजून हसू येतं.

काकू गेल्या आणि काका विसरायला लागले. कुकर गॅसवर ठेवून फिरायला जायचे. माझं लग्न झालंय हे विसरून माझ्यासाठी स्थळं बघायचे, तीही माझ्या बायकोशी सल्लामसलत करून. त्यांची मुलगी मीरा, इथंच जन्मलेली, डॉक्टरांना भेटून आली आणि मला म्हणाली, "दादा, इट्स स्टार्टिंग. विल आत्ताच करायला हवं." काकांच्या मनात घर मीराला द्यायचं होतं आणि साठवलेल्यातला मोठा वाटा आमच्या मराठी मंडळाच्या विद्यार्थी निधीला, नव्या मुलांची राहण्याजेवणाची सोय व्हावी म्हणून. मृत्युपत्र झालं नसतं, तर ती इच्छा हवेतच राहिली असती.

वकीलबाई मोठ्या शांत होत्या. वार-तारीख विसरली तरी चालेल, त्या म्हणाल्या. पण आपल्याजवळ काय आहे, आपलं कोण आहे आणि या कागदानं काय होणार, हे सही करताना माणसाला कळलं पाहिजे. मीराला वाटा मिळणार, म्हणून तिला बाहेर बसवलं. मी आणि ऑफिसातली एक बाई साक्षीदार. साक्षीदाराला काही मिळालेलं बरं नाही, म्हणून स्नोब्लोअरवरचा हक्क मी तिथंच सोडला.

घर, बँक, गाडी, काकांनी सगळं बिनचूक सांगितलं. मग वकीलबाईंनी मुलं किती, असं विचारलं.

"पुष्कळ," काका म्हणाले, आणि मोजायला लागले. आधी मीरा. मग बेसमेंटमधला एकेक जण. कांदा न खाणारा नागपूरचा, गाडी शिकताना गराजचं दार मोडणारी पुण्याची, आणि माझ्याकडे बोट दाखवून, "हा." बाईंचं पेन थांबलं. काका नेहमीसारखेच बोलत होते की खरंच विसरले होते, मलाही कळेना, आणि मध्ये बोलायची मुभा नव्हती. बाईंनी तोच प्रश्न सावकाश, वेगळ्या शब्दांत विचारला. काकांनी मोजलेली बोटं एकेक करून मिटली.

"लीगली?" ते म्हणाले. "लीगली वन. मीरा."

बाईंनी मान डोलावली. काकांनी सही केली, आम्हीही केल्या. पार्किंगमध्ये मीरा गाडी आणायला गेली, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "कागदापुरतं म्हटलं रे. मनावर घेऊ नकोस."

"नाही घेतलं, काका," मी म्हणालो.

गाडीत बसल्यावर त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, सिग्नलला सांगितलं, घराच्या दारात सांगितलं. आपलं सांगून झालंय, हे ते दर वेळी विसरत होते, आणि दर वेळी तेवढ्याच काळजीनं माझा हात धरत होते. मीही दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं उत्तर दिलं.

काकांना जाऊन आता वर्ष होत आलं. कागद टिकला, निधीतून यंदा दोन मुलांची सोय झाली. मला मात्र त्या कागदातलं काहीच नको आहे. काका अजून एकदा विसरले असते आणि अजून एकदा सांगायला आले असते, तर बरं झालं असतं.