मुक्याने चढलेल्या पायऱ्या

छातीत दुखतं, हे मी सहा महिने कुणालाही सांगितलं नव्हतं. सत्तरचं दशक सरत आलं होतं. ओझरच्या कारखान्यात लेथवर काम करणारा मी मुळातच हट्टी. मुलगी लहानपणी तापातून वाचली, तेव्हा वणीच्या देवीला नवस बोललो होतो. दर चैत्रात अनवाणी गड चढेन आणि देवीच्या दारापर्यंत तोंडातून अवाक्षर काढणार नाही. बरीच वर्षं तो पाळला. त्या चैत्रात मात्र निम्म्या वाटेवर छाती आवळून आली. थांबलो, पुन्हा चढलो, बोललो नाही. पुढे बसथांब्यापर्यंत चालतानाही तेच होऊ लागलं. माझ्या हातून काही चुकलं आणि देवी रागावली, ही भीती मनात घर करून बसली. पूजेच्या वेळी तसबिरीकडे बघवत नसे.

अखेर घरी न सांगता नाशिकच्या एका दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पलंगावर झोपवून हृदयाची पट्टी, म्हणजे कार्डिओग्राम, काढली. ती चांगली निघाली आणि मी आणखीच खचलो. शरीरात काही नाही, म्हणजे हा कोपच. पण डॉक्टर म्हणाले, "पडून राहिलं की हृदयाला कष्ट नसतात. जरा श्रम करून लगेच पट्टी काढू. दुखलं की सांगा, थांबू."

खोलीत दोन लाकडी पायऱ्या होत्या. एका बाजूने चढायचं, दुसरीकडे उतरायचं, वळून पुन्हा तेच. मी चपला काढल्या, पायरीला हात लावून तो कपाळाला लावला आणि सवयीने तोंड मिटलं. डॉक्टर घड्याळ बघत फेऱ्या मोजत होते. थोड्याच फेऱ्यांत छाती आवळली, डावा हात जड झाला. "दुखतंय का?" त्यांनी विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. पायरीवर तक्रार करायची नाही, एवढंच डोक्यात होतं.

दाराशी फरशी पुसणारी आयाबाई उठून जवळ आली. तिने माझा दंड धरला. "बाबा, ओठ काळे पडले तुमचे. ही पायरी लाकडाची हाय, देवीची न्हाई. दुखत असंल तर बोला की."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "दुखतंय," मी म्हणालो. "लय दिवसांपासून दुखतंय."

लगेच झोपवून पट्टी काढली. रेघ जागोजाग खाली बसली होती. हृदयाला रक्त कमी पडत होतं. आणखी चार फेऱ्या मारल्या असत्या तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. गोळ्या सुरू झाल्या, अवजड काम सुटलं, गड कायमचा बंद झाला. ते दुःख अजून आहे.

आठवड्याने खण-नारळ घेऊन आयाबाईंकडे गेलो. माझ्या लेखी त्यांच्या रूपाने देवीच आली होती. त्या म्हणाल्या, "आम्ही बुद्धाची माणसं, मला ओटी नको. घरी सांगितलं का बायकोला?"

सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी सांगितलं. बायकोने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तुम्ही सहा महिने धड बोलत नव्हता. मला वाटलं, तुमचं मन उडालं माझ्यावरून."

मी देवापुढे हात जोडले होते, पण दुखणं मुठीतच ठेवलं होतं. देवीआईपुढे, बायकोपुढे, परक्यापुढेही मूठ उघडावी लागते, एवढं मला कळलं. त्या बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. रोज दिवा लावताना मी त्यांनाही हात जोडतो.