एकशेदहाचा मिक्सर

काल चटणीसाठी जुना ट्रान्सफॉर्मर लावला आणि तापलेल्या वार्निशाचा तोच वास आला.

फार वर्षांपूर्वी अक्कानं अमेरिकेहून आणलेला मिक्सर अम्मानं हौसेनं थेट भिंतीच्या प्लगला लावला होता. तो पिसाटासारखा फिरला आणि धूर निघाला. तिनं झटकन बटण बंद केलं, म्हणून मोटर वाचली.

वायरिंगवाला सेल्वम म्हणाला, “अम्मा, हा एकशेदहा व्होल्टचा. आपला करंट त्याला जास्त होतो. तिकडचं सामान इथं चालत नाही.”

अम्मानं पदर खोचला. “चालत नाही कसं? आम्ही मराठे पण तिकडचेच. तंजावरात इतक्या पिढ्या चाललोच की! करंट जास्त आहे ना? मग पिठासारखा पातळ कर.”

तेव्हा मला तिची लाज वाटली होती. सेल्वमनं मात्र दुसऱ्या दिवशी करंट उतरवणारी ही जडशीळ पेटी आणली, आणि मिक्सर शहाण्यासारखा फिरू लागला.

काल तीच चटणी वाढताना नातीला विचारलं, “आणखी घालू?”

“पोदुम.”

“मराठीत सांग. नाहीतर घालतेच.” मी चमचा तसाच धरून उभी राहिले.

शेवटी तमिळ हेल काढून ती म्हणाली, “पुरेऽऽ.”

चाललं की!